तबकडी निवडणारा कान

माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्यापूर्वी त्यांच्याकडे एकदा संग्राहकाच्या नजरेने पाहिले पाहिजे. आपल्या दोन भाषांच्या घरांनी तर नक्कीच.

‘डीजे’ म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती मिरवणूक, गाडीवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या आणि छातीत बसणारे धक्के. शब्दाचा मूळ अर्थ आता कोणी विचारत नाही. डिस्क जॉकी, म्हणजे तबकडीचा स्वार. रेडिओवर रेकॉर्ड लावणारा, लावण्यापूर्वी तिच्याविषयी दोन शब्द बोलणारा आणि ढीगभर रेकॉर्डमधून आज कोणती ऐकवायची हे ठरवणारा माणूस. त्याचे खरे काम वाजवण्याचे नव्हते, निवडण्याचे होते. निवडायचे म्हणजे मत हवे, आणि मत हवे तर आधी भरपूर ऐकलेले हवे. म्हणूनच जगभर चांगले डीजे हे बहुधा हाडाचे रेकॉर्ड संग्राहकही असतात.

आपल्या भागात या माणसाला डीजे असे कोणी म्हटले नाही. कर्ण्याचे लाउडस्पीकर, अँप्लिफायर आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी घेऊन मांडवात येणारा ‘स्पीकरवाला’ हाच आपला पहिला डीजे. पहाटे सनई, पंगती बसल्या की नाट्यपदे नाहीतर दासर पदे, संध्याकाळी सिनेमाची गाणी, हा क्रम त्याला कोणी लिहून दिलेला नसे. वधूपक्ष मराठी आणि वरपक्ष कन्नड असला तर त्याच्या पेटीतून दोन्हीकडच्या रेकॉर्ड निघत. कोणती रेकॉर्ड कर्ण्यातून खणखणीत वाजते, कोणती फाटते, कोणत्या गाण्याला मांडवातल्या बायका हातातले काम थांबवून ऐकतात, याची त्याच्याजवळ पक्की नोंद असे. कंपनीची जाहिरात काहीही सांगो, त्याच्या पेटीत जागा मिळाली तरच ते गाणे गावाचे होई.

रेकॉर्ड निघते ती कंपनीच्या निर्णयाने, टिकते ती अशा निवडणाऱ्या कानामुळे. हे आज सांगण्याचे कारण असे की आपल्याकडची जुनी घरे आता पाडली जात आहेत, वाटण्या होत आहेत, मुले पुणे-बेंगळूरूला स्थायिक झाली आहेत. माळ्यावरच्या रेकॉर्डचे काय करायचे हा प्रश्न अनेक घरांत पडतो आणि ‘सगळे मोबाइलवर मिळते की’ या एका वाक्यात तो सुटतोही. सगळे मिळते का? मिळते ते जसेच्या तसे असते का? संग्राहक मंडळी कोणतीही रेकॉर्ड, जुनी असो वा नव्याने काढलेली, हाती आली की काही ठरावीक प्रश्न विचारतात. ते प्रश्न आपणही शिकून घेण्यासारखे आहेत.

गाते कोण?

पहिला प्रश्न सर्वांत साधा वाटतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती १९०२ साली कोलकात्यात. फ्रेड गायसबर्ग या तंत्रज्ञाने गौहरजानसह अनेकांची गाणी मुद्रित केली. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिकडच्या कारागिरांना गाणाऱ्यांची ओळख पटावी म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत. गौहरजान ते इंग्रजीत सांगायची. श्रोत्यांना पुढे हीच लकब आवडू लागली. गाणे संपले, नाव आले, मनात शिक्का बसला.

पण प्रत्येक नाव इतके सरळ नसे. आपल्या धारवाड-हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर नाव आहे गांधारी हनगल. ज्याला हे ठाऊक नाही तो ती तबकडी ‘कोणी अनोळखी बाई’ म्हणून बाजूला टाकेल. त्या काळात त्यांनी जी. एन. जोशी यांच्याबरोबर मराठी द्वंद्वगीतेही गायली. हे जोशी स्वतः भावगीत गायक. ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची त्यांची तबकडी मराठी भावगीताच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानली जाते. पुढे ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि मोठमोठ्या गवयांना मायक्रोफोनपुढे बसवण्याचे अवघड काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे. रेकॉर्ड काढणाऱ्या बाजूने सगळा व्यवहार कसा दिसतो ते त्यातून कळते.

गांधारी आणि गंगूबाई यांच्यात केवळ नावाचा फरक नाही. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक आणि उंच होता. घशाच्या आजारानंतर आणि टॉन्सिलवरच्या उपचारांनंतर तो भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. आमच्या महाविद्यालयात एकदा मुलांना मी दोन्ही काळांतले गाणे पाठोपाठ ऐकवले, तेव्हा एकाही मुलाला या एकच बाई आहेत हे ओळखता आले नाही. तबकडीवरचे नाव आणि तिचा काळ ठाऊक नसेल तर एका थोर गायिकेचे अर्धे आयुष्य आपल्या हातून निसटते. ‘नन्न बदुकिन हाडु’, म्हणजे ‘माझ्या जगण्याचे गाणे’, हे गंगूबाईंच्या कन्नड आत्मकथनाचे नाव. त्या गाण्याचा पूर्वार्ध या जुन्या तबकड्यांत आहे.

सिनेमाच्या रेकॉर्डवर तर गायकाऐवजी पडद्यावरच्या पात्राचे नाव छापण्याची पद्धत होती. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातले गाणे गाजले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने साकारलेले पात्र. रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली की ही कामिनी कोण. रेडिओने कंपनीला विचारले आणि लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आले. जो उल्लेख कंपनीला महत्त्वाचा वाटला नव्हता तो रेडिओ आणि त्याचे श्रोते यांनी आग्रहाने करून घेतला. रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या मताला किती वजन असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

किती वेळ, किती वेगाने?

दुसरा प्रश्न तंत्राचा आहे, पण कंटाळवाणा नाही. जुनी तबकडी लाखेची. तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे, मोठ्या आकाराच्या तबकडीत आणखी एखादे मिनिट. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे गवयाला काय ठेवू आणि काय सोडू याचा कडक हिशेब करावा लागे. अनेकांना वाटते की त्यामुळे त्या तबकड्या म्हणजे तुटके गाणे. जुन्या संग्राहकांचे मत याच्या उलट आहे. त्यांच्या मते आटवलेल्या दुधाला पातळ दुधाच्या मापाने मोजू नये. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकल्या की हे मत पटते. पहिल्या काही क्षणांत राग उभा राहतो आणि शेवटचा सूर हवेत असतानाच तबकडी संपते.

त्याच खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी गदगमध्ये एका दुकानातल्या तबकडीवरून लहानग्या भीमसेन जोशींच्या कानावर पडली आणि असे गायला शिकायचे या वेडाने त्या मुलाने घर सोडले, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे. धारवाडमध्ये लहान गंगूबाईही दुकानातल्या ग्रामोफोनवरचे गाणे ऐकायला रस्त्यात थबकत. या दोन्ही गोष्टींत एक माणूस कायम अंधारात राहिला आहे, तो म्हणजे त्या दिवशी ती तबकडी लावणारा दुकानदार. त्याने गिऱ्हाईक जमवण्यासाठी लावली असेल, स्वतःला आवडते म्हणून लावली असेल. पण त्याच्या हाताने दुसरीच एखादी तबकडी उचलली असती तर? निवडणाऱ्याचे काम किती दूरवर पोचते हे त्याला स्वतःला कधी कळतही नाही.

आता वेगाचे. आपण सरसकट ‘७८ ची रेकॉर्ड’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. काही संथ, काही जलद. अशी संथ मुद्रित केलेली तबकडी डोळे झाकून ७८ ला लावली की आवाज चढतो, पातळ होतो, तानेची धावपळ उगाच वाढते. मग लोक म्हणतात, ‘त्या काळी असेच गात असतील.’ संग्राहक त्या गवयाची पट्टी ठाऊक असल्यास तिच्याशी ताडून वेग ठरवतो. तसेच १९२५ च्या आधीचे ध्वनिमुद्रण भल्यामोठ्या कर्ण्यासमोर ओरडून केलेले, नंतरचे मायक्रोफोनने. कर्ण्यासमोर दणदणीत आवाजाचा गायक तरून जाई आणि नाजूक आवाजाचा मागे पडे. तेव्हा एखाद्या जुन्या गायकाबद्दल ‘फार कर्कश’ असे मत देण्याआधी तो गळ्याचा दोष आहे की यंत्राचा, हे पाहायला हवे.

नव्या वेष्टनातले जुने गाणे

तिसरा प्रश्न पुनर्प्रकाशनाचा. लाखेच्या तबकडीनंतर लाँगप्ले आली, मग कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह आणि आता मोबाइल. २००० साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे नाव सारेगामा झाले. २०१७ मध्ये त्यांनी पाच हजार गाणी भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला आणि अनेक घरांत आजी-आजोबांना वाढदिवसाची भेट म्हणून तो पोचला. सोय मोठी झाली यात शंका नाही. बटण दाबले की गाणे, सुई बदलायला नको की चावी द्यायला नको.

पण प्रत्येक वेष्टन बदलताना काहीतरी गळत गेले. तबकडीची खरखर काढणारी यंत्रणा जरा जास्त चालवली की खरखरीबरोबर तानपुराही पुसला जातो, श्वासही जातो आणि गळा उघडा-बोडका ऐकू येतो. कॅसेटच्या भरात जुन्या सिनेगीतांवर ढोलकी आणि ड्रम वरून चिकटवलेल्या ‘झंकार बीट्स’च्या आवृत्त्या निघाल्या. १९९० च्या दशकात वाढलेल्या कित्येक मुलांना मूळ गाणे तेच वाटले. दुसऱ्याच गायकाने गायलेल्या आवृत्त्या मूळ गायकाच्या फोटोशेजारी विकल्या गेल्या. संग्राहकाची पुनर्प्रकाशनाबद्दलची कसोटी म्हणून अगदी साधी आहे. मूळ तबकडीचे वर्ष आणि क्रमांक दिला आहे का? साथीदारांची नावे आहेत का? दोन्ही बाजू क्रमाने आहेत का? आणि मूळ आवाजावर काही नवीन चिकटवलेले नाही ना? या चार गोष्टी असतील तर वेष्टन साधे असले तरी घ्यावे. नसतील तर सोनेरी डबा असला तरी ठेवून द्यावा.

मोबाइलवर तर आणखी एक गंमत होते. एकच जुने ध्वनिमुद्रण पाच संकलनांत पाच नावांनी दिसते आणि समोर लिहिलेले वर्ष असते ते कोणीतरी ते नव्याने चढवल्याचे. १९३५ चे गाणे २०१४ चे म्हणून नोंदले जाते. मुले हेच प्रमाण मानतात, कारण त्यांच्यासमोर दुसरा पुरावा नसतो. मूळ तबकडी घरात असेल तर तिच्या लेबलवरची दोन-तीन इंच जागा हाच तो दुसरा पुरावा.

या पुराव्यांच्या जिवावर फार मोलाचे काम झाले आहे, आणि ते बहुतांशी हौशी माणसांनी केले आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी रेडिओ श्रोत्यांच्या ‘लिसनर्स बुलेटिन’पासून सुरुवात केली आणि हिंदी चित्रपटगीतांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार खंडांत उभा केला. चित्रपट, गाणे, गायक, रेकॉर्ड क्रमांक अशी शिस्तशीर नोंद. चेन्नईचे व्ही. ए. के. रंगाराव नृत्यसमीक्षक म्हणून ओळखले गेले, पण हजारो तबकड्यांचे संग्राहक म्हणूनही त्यांचे नाव तितकेच मोठे. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांनी तिची धुरा वाहिली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक चालवले. मायकेल किनियर यांनी ऑस्ट्रेलियात राहून भारतातल्या पहिल्या तबकड्यांच्या याद्या लावल्या. ही कामे कंपन्यांच्या दप्तरांतून आपोआप बाहेर पडली नाहीत. कोणाच्या तरी घरातल्या कपाटातून, जुन्या बाजारातल्या ढिगाऱ्यातून ती उभी राहिली.

कोणासाठी वाजवायची?

चौथा प्रश्न डीजेचा. रेकॉर्ड चांगली आहे हे कळले, पण ती कोणाला, केव्हा, कशाच्या नंतर ऐकवायची? या प्रश्नाचे उत्तर हिंदुस्थानाला ज्यांनी शिकवले ते अमीन सयानी. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले होते. त्या वेळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर हे आपले मराठीच, शास्त्रीय संगीताचे कट्टर पाठीराखे. नेमकी ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सुरुवातीला त्यात सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजत आणि क्रम श्रोत्यांनी लावून पत्राने कळवायचा असे. सयानी सांगत की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे ‘पायदान’ आले, विक्रीचे आकडे आणि श्रोते संघांची मते आली आणि बुधवारची रात्र देशभर ठरून गेली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले तेव्हा गीतमाला कधीही न ऐकलेल्या पिढीलाही त्यांचे ‘बहनों और भाइयों’ ठाऊक होते.

त्यांच्या कामात शिकण्यासारखे काय होते? एक म्हणजे गाण्याबरोबर गीतकार आणि संगीतकार यांची नावे न चुकता घेणे. दुसरे म्हणजे स्वतःचे मत श्रोत्यांवर न लादता त्यांना मत बनवायला लावणे. आपण पाच जण बसून सात गाण्यांचा क्रम लावू लागलो की घरात वाद होतात, आणि वाद करायचा म्हणजे गाणे पुन्हा लक्ष देऊन ऐकावेच लागते. त्याच रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम संपताना, आठ वाजण्याच्या जरा आधी, कुंदनलाल सैगल यांचे गाणे लागे. रोज एकच गायक, वर्षानुवर्षे. हेही एक मतच होते, न बोलता मांडलेले. घरातली घड्याळे त्यावर लावली जात आणि शाळेच्या मुलांची घाईही त्यावरच सुरू होई.

आपल्या पट्ट्यातला रेडिओ तर खास श्रीमंत. १९५० पासून धारवाड केंद्र, १९६३ पासून सांगली केंद्र, शिवाय पणजी. काटा जरा इकडे सरकवला की कन्नड भावगीत, जरा तिकडे सरकवला की मराठी अभंग. आपल्या आज्या भाषावार श्रोत्या नव्हत्या. काटा फिरवणारा हात एकच होता.

दोन भाषांची एक पेटी

इथे आपल्या घरांचा खास मुद्दा येतो. आजच्या यंत्राला भाषा आधी सांगावी लागते. मराठी गाणी एका यादीत, कन्नड दुसऱ्या यादीत, आणि तुम्ही एक निवडली की दुसरी हळूहळू दिसेनाशी होते. जुन्या पेटीचा हिशेब असा नव्हता. भीमसेन जोशींचे अभंग आणि त्यांनीच गायलेली कन्नड दासवाणी शेजारी शेजारी असायची. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ख्याल आणि वचने एकाच घरात ऐकली जायची. त्यांनी ‘नन्न रसयात्रे’ हे आत्मचरित्र कन्नडमध्ये लिहिले, पण ज्या गुरूंविषयी त्यात भरभरून आहे त्यांत मिरजेचे नीलकंठबुवा आहेत आणि जयपूर घराण्याचे मंजी खाँ, बुर्जी खाँ आहेत. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी हिंदी चित्रपटांत गाजल्या तरी आडनावात कर्नाटक मिरवत राहिल्या. १९६७ च्या ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्ण’ या कन्नड चित्रपटासाठी लक्ष्मण बेर्लेकर यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली लता मंगेशकर गायल्या. संगोळ्ळी हे गाव आपल्याच जिल्ह्यातले. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले तेही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, आणि त्यांच्या पदांच्या कित्येक चाली कन्नड गाण्यांवरून घेतलेल्या.

सीमेचा वाद कोर्टात आहे, सभांत आहे, निवडणुकीत आहे. त्याबद्दल ज्याचे त्याचे मत पक्के असते आणि असावे. पण रेकॉर्डच्या पेटीत हात घातला की दिसते ते असे: गळा एकाच मातीतला, शब्द कधी या भाषेचे, कधी त्या. वाटणीच्या वेळी ‘मराठी रेकॉर्ड तुला, कन्नड मला’ असे करणाऱ्या घरांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या एकत्र होत्या हीच मुळी जपण्याजोगी माहिती आहे. सुटी तबकडी गाणे सांगते, अख्खी पेटी घर सांगते.

एका गोष्टीचा इशाराही द्यायला हवा. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे पुढचे कुमार गंधर्व, लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तशाच गाऊन दाखवत असे. लोक थक्क होत. पण मुंबईत बा. र. देवधरांकडे आल्यावर त्याला शिकायचे होते ते नकलेच्या पलीकडचे, आणि पुढे देवासला त्याने स्वतःचेच गाणे शोधले. तबकडी हे दार आहे, तिथेच पथारी पसरायची नसते. रेकॉर्ड जमवणाऱ्यांपैकी काहींची मते यामुळेच कुजतात. ‘आमच्या वेळचे ते गाणे’ असे म्हणून ते नव्या गायकाकडे कान फिरवतात. खरा संग्राहक तसा नसतो. नवी ध्वनिफीत आली की तो तीनदा ऐकतो. पहिल्यांदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा गळ्यासाठी, तिसऱ्यांदा साथीसाठी. त्यानंतर तोंड उघडतो. घरातल्या मुलाने आणलेले नवे गाणे ‘बंद कर ते’ म्हणण्यापूर्वी आपणही एवढी सवलत त्याला द्यायला हरकत नाही. आपण त्याचे तीनदा ऐकले तर तोही आपले एकदा ऐकेल.

घरात रेकॉर्ड असतील तर

शेवटी काही कामाच्या गोष्टी. लाखेच्या जुन्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. मऊ कोरड्या कापडाने खाचेच्या दिशेने पुसावी. रेकॉर्ड एकावर एक रचू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. ऊन आणि पत्र्याखालचा माळा हे त्यांचे मोठे शत्रू. लाँगप्लेच्या सुईने ७८ ची तबकडी वाजवू नये, कारण तिची खाच रुंद असते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लागते. जुनीच सुई दामटली की खाच कायमची खरवडली जाते.

मग एक वही करा. कंपनीचे नाव, लेबलवरचा क्रमांक, लेबलच्या कडेला कोरलेला आकडा, दोन्ही बाजूंची गाणी, गायक, भाषा. लेबल मराठी, कन्नड की इंग्रजीत छापले आहे तेही लिहा. मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि घरात अजून कोणी सांगणारे असेल तर ही तबकडी कोणी, कुठून, कोणत्या निमित्ताने आणली ते विचारून त्यापुढे लिहा. ही माहिती कोणत्याही कोशात नाही, ती फक्त अज्जीकडे आहे आणि अज्जीचे वय वाढते आहे.

द्यायच्याच असतील तर सुट्या विकू नका. जाणकार संग्राहकाला, संगीत महाविद्यालयाला किंवा ग्रंथालयाला वहीसकट द्या. त्यांचे डिजिटल रूप करून घेता आले तर फारच चांगले. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे असतो, त्यामुळे १९५० च्या दशकापर्यंतच्या तबकड्यांवरचा हा हक्क आता उरलेला नाही. मात्र कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात, हे जाहीरपणे वाजवताना किंवा प्रसिद्ध करताना पाहून घ्यावे. घरच्या मंडळींना ऐकवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि खरोखरच ऐकवा. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. प्रत्येकाने एक गाणे आणायचे, कोणत्याही भाषेतले, कोणत्याही काळातले. गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे सांगून मगच लावायचे, आणि हेच का निवडले ते दोन वाक्यांत सांगायचे. ‘ऐका हो’ म्हणा नाहीतर ‘केळ्री’ म्हणा. तेवढ्या वेळापुरता घरातला प्रत्येक जण डीजे असेल, शब्दाच्या जुन्या अर्थाने.